काटा नॉर्मल, पोटरी गरम: मोटरसायकल बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मोटरसायकल बनवणाऱ्या कंपन्यांचे डिझाइन, चाचणी आणि सर्व्हिस विभाग यांस,

सादर नमस्कार.

उष्ण हवेत मोटरसायकल चालवणारे आणि त्याच मोटरसायकली खोलून दुरुस्त करणारे आम्ही काही जण हे पत्र मिळून लिहीत आहोत. मागणी सुरुवातीलाच सांगतो. गाडी गर्दीत अडकलेली असताना चालकाच्या घोट्याला, पोटरीला आणि मांडीला किती ताप लागतो, हे ठरलेल्या पद्धतीने मोजा आणि तो आकडा मायलेज व वजनाच्या शेजारी छापा. ही मागणी का करावी लागते आणि ताप कमी करायला जागा कुठे कुठे आहे, ते पुढे लिहिले आहे.

धगीची तक्रार घेऊन चालक सर्व्हिसला गेला की आधी मीटरवरचा काटा पाहिला जातो. काटा मधोमध असतो. ‘इंजिन नॉर्मल आहे, एवढी तर प्रत्येक गाडी तापते’ असे सांगून जॉब कार्ड बंद होते. सांगणारा खोटे बोलत नाही. कूलंट (इंजिनाला थंड ठेवायला त्यात फिरणारे द्रव) ९० ते १०० अंश सेल्सिअसला असणे हे निरोगी इंजिनाचे लक्षण आहे. ते ६० अंशांवरच रेंगाळले तर ऑइल पुरते तापत नाही, पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये उतरतो आणि झीज वाढते. पण तो काटा इंजिनाची तब्येत सांगतो, पायाची नाही. पायाला लागणारी झळ दाखवणारा काटा गाडीवर नाही आणि मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेखही नाही. ज्याचे जळते त्याला कळते, म्हणतात ते इथे शब्दशः खरे आहे.

उष्णतेचा हिशेब मांडू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. मध्यम आकाराचे इंजिन उभ्या गाडीत स्लो स्पीडला तासाला अर्धा लिटर पेट्रोल जाळत असेल, तर ते १६ मेगाज्यूल झाले, म्हणजे सतत सुमारे ४.४ किलोवॉट. गाडी जागची हलत नाही, त्यामुळे यातले चाकापर्यंत काहीच जात नाही. काही भाग सायलेन्सरच्या टोकातून निघून जातो, उरलेला रेडिएटर (कूलंट थंड करणारी जाळी), ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा भाग), हेड (त्यावरचे झाकण) आणि बेंड पाइप (इंजिनातून धूर सायलेन्सरकडे नेणारा पाइप) यांतून भोवतीच्या हवेत उतरतो. दोन पायांच्या मधोमध एक-एक किलोवॉटचे दोन-तीन हीटर लावून बसल्यासारखे आहे ते.

तीच गाडी ताशी ६० किलोमीटरने, लिटरला ३० किलोमीटर देत पळते तेव्हा तासाला दोन लिटर पेट्रोल जाते, म्हणजे जवळपास १८ किलोवॉट. त्यातला पाव हिस्सा चाकाला मिळतो असे धरले तरी तेरा किलोवॉट उष्णता बाहेर पडते. उभ्या गाडीच्या तिप्पट! तरीही पळत्या गाडीवर चालक फारशी कुरकुर करत नाही. त्रास उष्णतेच्या मापापेक्षा तिच्या वाटेवर जास्त अवलंबून आहे, हे यावरून दिसते. सेकंदाला १६ मीटर वेगाचा वारा असला की ती मागे निघून जाते. वारा थांबला की गरम हवा सरळ वर चढते, आणि वर चालकाच्या मांड्या असतात.

वारा थांबायला गाडीच थांबली पाहिजे असे नाही. मागून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल आणि गाडीही तेवढ्याच वेगाने सरकत असेल, तर रेडिएटरच्या दृष्टीने गाडी उभीच आहे. ‘चढावर हळू चालवताना जास्त भाजते, पण परत येताना नाही’ अशा तक्रारी येतात तेव्हा सर्व्हिसवाले इंजिनावरच्या भाराकडे बोट दाखवतात. भार असतोच, पण वाऱ्याची दिशा कोणी विचारत नाही.

आता पंखा. बहुतेक गाड्यांत तो कूलंट १०० ते १०५ अंशांच्या दरम्यान गेले की सुरू होतो आणि काही अंश उतरले की बंद होतो. तो रेडिएटरच्या मागे बसवलेला असतो, पुढून हवा ओढतो आणि मागे, इंजिनावर फेकतो. इंजिनाला धडकून ती हवा दोन्ही बाजूंनी फुटते आणि नडगी-घोट्यावर येते. बाहेर ४० अंश असताना पंख्याने सेकंदाला ५० ग्रॅम हवा ओढली आणि रेडिएटरने तिला दोन किलोवॉट दिले, तर ती साधारण ४० अंशांनी तापून ८० अंशांवर बाहेर पडते. हवा दुप्पट ओढली तर ६० अंशांवर. चालक म्हणतो ‘पंखा लागला की पाय भाजतो’, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते.

इथे एका लोकप्रिय उपायाबद्दल लिहायलाच हवे, कारण तो तुमच्या काही सर्व्हिस सेंटरांतही सुचवला जातो: पंखा ९० अंशांनाच सुरू होईल अशी व्यवस्था करणे, किंवा हाताने चालवायचे बटण लावणे. याने ब्लॉक आणि हेड थोडे थंड राहतात, एवढा फायदा नक्की आहे. पण इंजिन जितकी उष्णता तयार करते तितकीच रेडिएटरमधून बाहेर पडणार. पंखा लवकर लागला म्हणजे ती आधीपासून आणि जास्त वेळ पायावर येते, एकदम झोताने येत नाही इतकेच. थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकणे तर त्याहून वाईट. गर्दीत तापलेल्या इंजिनात तो आधीच पूर्ण उघडलेला असतो, तेव्हा तो काढून थंडावा वाढणार कुठून? उलट सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) तोवर जास्त पेट्रोल सोडत राहतो. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरते. थंड करायला गेले आणि गाडी आणखी तापली, असे होते ते यामुळे.

खरा उपाय हवेची वाट बदलणे. कावासाकीने निन्जा ३०० वर पंख्यामागे एक झाकण देऊन गरम हवा खाली, चालकापासून दूर वळवली. ते प्लास्टिकचे साचेबंद झाकण आहे, त्यात सेन्सर नाही की मोटर नाही. असे झाकण आखताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. हवा बाहेर पडायची जागा रेडिएटरच्या जाळीच्या मानाने फार अरुंद ठेवली तर पंख्यावर उलटा दाब येतो आणि हवेचे प्रमाण घटते. झोत खाली वळला तरी तो बेंड पाइपावर आदळून पुन्हा वर येणार नाही, हे धूर सोडून पाहावे लागते. आणि खाली जाड बॅश प्लेट (इंजिनाच्या तळाचा संरक्षक पत्रा) असेल तर तिला मागच्या बाजूला झरोके हवेत. बंद बॅश प्लेट म्हणजे गरम हवेची परात.

आणखी एक जागा हमखास दुर्लक्षित राहते, ती म्हणजे रेडिएटर आणि फेअरिंग (गाडीचे बाहेरचे प्लास्टिकचे आवरण) यांच्यामधली फट. गाडी उभी असताना पंख्याने मागे फेकलेली गरम हवा या फटीतून पुढे येते आणि पुन्हा रेडिएटरमध्येच ओढली जाते. तीच हवा फिरत राहिली की पंखा बंदच होत नाही. चारही बाजूंना उष्णता सोसणाऱ्या फोमची किंवा रबराची पट्टी लावली की हा फेरा तुटतो. कारखान्यात हे काम मिनिटाचे आहे. अनेक गाड्यांत ही पट्टी नसते, किंवा पहिल्या सर्व्हिसला फेअरिंग काढताना फाटते आणि नवी लावली जात नाही.

सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते बेंड पाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) यांच्याबद्दल.

प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कन्व्हर्टर एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडणाऱ्या तोंडाच्या, जवळ सरकला. त्यामागचे कारण आम्हाला मान्य आहे. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांना काम करू लागतो, आणि थंड इंजिन सुरू झाल्यावर तो जितका लवकर तिथे पोचेल तितका धूर स्वच्छ. तो लांब सायलेन्सरात ठेवला तर पोचायला वेळ लागतो. कन्व्हर्टर काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही आणि तसे करणाऱ्यांची बाजूही घेत नाही. पण तो पायाजवळ आणला तर पाय आणि त्याच्यामध्ये जे यायला हवे होते, ते आले का?

तापलेला धातू प्रारणाने किती उष्णता फेकतो, हे निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अधिक २७३) चौथ्या घातावर ठरते. ४०० अंशांचा पाइप २५० अंशांच्या पाइपाच्या २.७ पट उष्णता फेकतो. काळ्या रंगाचा किंवा काळवंडलेला पाइप ४०० अंशांवर असेल तर त्याच्या पृष्ठभागातून चौरस मीटरला सुमारे ९ किलोवॉट निघतात. भर दुपारचे ऊन चौरस मीटरला साधारण १ किलोवॉट असते. पाय पाइपाला चिकटलेला नसतो, त्याच्या वाट्याला यातला अंशच येतो. पण तो अंशही दुसऱ्या एका सूर्याएवढा सहज होतो, आणि तो खालून येतो, जिथे सावली धरता येत नाही. याला वाऱ्याचीही पर्वा नसते, म्हणून पळत्या गाडीवरही एकाच पोटरीला चटका जाणवत राहतो.

यावर हीट शील्ड हाच उपाय, आणि ती अनेकदा चुकीची लावलेली असते. समजा पाइप आणि पाय यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी चकचकीत असलेला पत्रा आहे. कागदावरच्या हिशेबात प्रारण पंधराव्या हिश्श्यावर येते. तोच पत्रा दोन्ही बाजूंनी मॅट काळा रंगवला तर ते फक्त निम्म्यावर येते. तरीही बाजारात येणारी बहुतेक शील्ड काळी असते, कारण काळी दिसायला बरी दिसते. निदान आतली, पाइपाकडची बाजू तरी कोरी ठेवा. धूळ-चिखलाने चकाकी कमी होईल आणि पंधरावा हिस्सा सहावा होईल, पण निम्म्याहून तो कितीतरी बरा.

मधल्या हवेचेही तसेच. पाइप आणि शील्ड यांच्यात ८ ते १० मिलिमीटर अंतर हवे आणि ती पोकळी खालून-वरून उघडी हवी, म्हणजे आतली तापलेली हवा वर निघून थंड हवा खालून आत येते. वरचे तोंड मांडीच्या दिशेने उघडले तर मात्र आगीतून फुफाट्यात. ते बाहेरच्या आणि मागच्या बाजूला वळवावे. शील्डचा पत्रा थेट पाइपावर वेल्ड केलेल्या टॅबला नट-बोल्टने आवळला की उष्णता धातूतूनच शील्डमध्ये येते. मध्ये सिरॅमिक फायबरचे वॉशर आणि स्टेनलेस स्टीलचा स्पेसर हवा. हे वॉशर सायलेन्सर काढताना पडतात, हरवतात, आणि त्यांच्या जागी साधा लोखंडी वॉशर बसतो. नव्या गाडीत न भाजणारी शील्ड तिसऱ्या सर्व्हिसनंतर भाजू लागली, तर आधी हेच वॉशर पाहायचे.

दुहेरी भिंतीचा बेंड पाइप हा याहून चांगला मार्ग. आतला पाइप गरम, बाहेरचा तुलनेने थंड, मध्ये हवेची पोकळी. याने कन्व्हर्टरकडे जाणारा धूर जास्त गरम राहतो, म्हणजे कन्व्हर्टर लवकर कामाला लागतो. प्रदूषण विभाग आणि आराम विभाग एकाच भागावर खूश होतील असे प्रसंग फार येत नसतात. खर्च आणि वजन वाढते, हे मान्य. महागड्या गाड्यांवर तरी ते द्यायला हरकत नसावी.

बेंड पाइपाला फायबरग्लासची पट्टी गुंडाळणाऱ्यांनाही दोन शब्द. झळ कमी होते, नाकारण्यात अर्थ नाही. पण पट्टीत पाणी आणि मीठ धरून राहते, साध्या लोखंडाचा पाइप बाहेरून गंजतो, वेल्डपाशी तडा जातो आणि तो पट्टीखाली दिसत नाही. लोक हा मार्ग धरतात कारण कंपनीने दुसरा दिलेला नसतो.

‘मिश्रण लीन केल्यामुळे’, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त ठेवल्यामुळे, ‘गाडी तापते’ ही तक्रार अर्धी खरी आहे. तीन-मार्गी कन्व्हर्टर चालायला हवा-पेट्रोलचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास धरावे लागते, आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या त्याहून रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालायच्या. जादा पेट्रोल सिलिंडरात वाफ होताना उष्णता शोषते आणि धूर थोडा थंड पडतो. म्हणून काही ट्यूनर ऑक्सिजन सेन्सरला फसवून मिश्रण रिच करतात. मग न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते, तिथे हवा मिळाली की पेटते, आणि कन्व्हर्टर लाल होतो. हेड थंड, पोटरी गरम. हे तुमच्या मॅन्युअलमध्ये दोन ओळींत लिहिले असते तर कितीतरी कन्व्हर्टर वाचले असते.

इंजिन जागच्या जागी कमी जाळेल, हा आणखी एक रस्ता. हार्ले-डेव्हिडसनच्या काही मोठ्या व्ही-ट्विन इंजिनांत गाडी उभी असताना आणि इंजिन तापलेले असताना मागच्या सिलिंडरचे पेट्रोल बंद होते. डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही४ मध्ये उभ्या गाडीत मागचे दोन सिलिंडर थांबतात. मागचा सिलिंडर नेमका सीटखाली, मांड्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे फरक लगेच जाणवतो. एका सिलिंडरच्या गाडीत हे जमणार नाही. तिथे सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होण्याची सोय उपयोगी आहे. मात्र ती आखताना लक्षात घ्या की इंजिन बंद झाले की वॉटर पंपही थांबतो, हेडमधली साठलेली उष्णता जागच्या कूलंटमध्ये उतरते आणि त्याचे तापमान काही अंश वर जाते. पंखा बॅटरीवर थोडा वेळ चालू ठेवावा लागतो, आणि मग बॅटरी त्या हिशेबाने मोठी द्यावी लागते.

फ्रेमबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियम लोखंडाच्या तिप्पट-चौपट सहज उष्णता वाहून नेतो. ॲल्युमिनियमची जाड ट्विन-स्पार (इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी दांडे असलेली) फ्रेम इंजिन माउंटमधून (इंजिन जिथे आवळले असते तिथून) तापते आणि तिच्या दोन्ही बाजू नेमक्या मांडी-गुडघ्याला टेकतात. इंजिन ऑइल फ्रेमच्या नळीतूनच फिरवणाऱ्या गाड्यांत ती नळी ऑइलइतकीच गरम असते. टेकणाऱ्या भागावर तीन-चार मिलिमीटर हवा सोडून बसवलेले प्लास्टिकचे कव्हर पुरते. स्टिकर पुरत नाही.

टाकीचे दुखणे वेगळे. पंपाने पाठवलेले जास्तीचे पेट्रोल फ्युएल रेलवरून (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवरून) टाकीत परत येण्याची पद्धत असेल, तर दर फेरीला ते इंजिनाची उष्णता घेऊन येते. टाकी अर्ध्याहून रिकामी असली की थोडेच पेट्रोल पुन्हा पुन्हा तापते आणि टाकी मांड्यांना कढत लागते. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात, म्हणजे हा फक्त आरामाचा प्रश्न राहत नाही, वाफेचाही होतो. परत न येणारी फ्युएल लाइन आणि टाकीच्या तळाला फॉइल लावलेला फोम, दोन्ही हव्यात. चालकांसाठी सोपा नियम: कडक उन्हात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये.

रेग्युलेटर-रेक्टिफायर (गाडीत तयार होणारी वीज बॅटरीजोगी करणारा भाग) आणि बॅटरी यांना धगीची तक्रार करता येत नाही. साधा शंट रेग्युलेटर नको असलेली वीज उष्णतेत घालवतो आणि तुम्ही तो सीटखाली बंद जागेत, मागच्या सिलिंडरजवळ बसवता. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. उष्ण हवेत बॅटरी वर्षात का बसते याचे उत्तर बहुतेक वेळा यातच सापडते.

सर्व्हिस विभागासाठी. ‘धग लागते’ अशी तक्रार आली की पुढची तपासणी करूनच जॉब कार्ड बंद व्हावे. गाडी थंड असताना रिझर्व्ह बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का पाहा, मग रेडिएटरचे झाकण उघडून तो काठोकाठ भरला आहे का पाहा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असेल तर झाकणाचा रबर किंवा स्प्रिंग गेली आहे. १.१ बारचे झाकण नीट असले की निम्मे पाणी-निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. तेच झाकण दाब धरत नसेल तर १०७-१०८ अंशांना उकळ्या फुटतात. गरम गाडीचे झाकण कोणीही, कधीही उघडू नये.

कूलंट नळाच्या पाण्यात मिसळलेले आढळले तर पूर्ण काढा. क्षार ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर बसतात आणि काट्याला पत्ता न लागता हेड गरम राहते. जिथे गोठण्याची भीती नाही तिथे ग्लायकॉल कमी असले तर उष्णता चांगली वाहते, कारण पाण्याची उष्णता धरण्याची ताकद ग्लायकॉलहून जास्त आहे. पण ३० टक्क्यांच्या खाली गेलात तर गंजरोधक द्रव्यही पातळ होते आणि वॉटर पंपाचा इंपेलर खाल्ला जातो. कूलंट भरल्यावर हवा काढण्याचे काम घाईत अर्धवट राहते. गाडी साइड स्टँडवर तिरकी ठेवून हवा निघत नाही, ती सरळ धरा. ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत भरा, झाकण बंद करून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पातळी पुन्हा पाहा.

पंखा फिरतो का, एवढे पाहून भागत नाही, तो कोणत्या दिशेला फिरतो तेही पाहा. मोटर बदलताना किंवा वायरिंग जोडताना दोन वायर उलट लागल्या की तो हवा पुढे ढकलतो, म्हणजे येणाऱ्या वाऱ्याशी झुंजतो. कागदाचा तुकडा रेडिएटरसमोर धरा. जाळीला चिकटला तर दिशा बरोबर. जाळीतला चिखल आणि किडे मागून पुढे, साध्या नळाच्या धारेने काढा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन (जाळीच्या पातळ पत्र्या) आडव्या होतात आणि तेवढा रेडिएटर कायमचा बंद. मग एक्झॉस्ट टॅपेटचा (धुराच्या झडपेचा) गॅप, बेंड पाइपाच्या गॅस्केटची गळती, आणि चाक हाताने फिरवून ब्रेक धरतो का ते. एअर-कूल्ड इंजिनाच्या फिनांमध्ये ऑइल आणि धूळ मिळून जो लेप बसतो तो घट्ट कांबळ्यासारखे काम करतो. तो ब्रशने काढायचा.

तापमान पाहताना एक खबरदारी. इन्फ्रारेड गन चकचकीत स्टेनलेस पाइपावर धरली तर ती खऱ्यापेक्षा फार कमी आकडा दाखवते, कारण चकचकीत धातू प्रारण कमी फेकतो. अशा आकड्यावर ‘फक्त १२० अंश आहे’ असे चालकाला सांगितले जाते. पाइपावर उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि त्यावर मोजा.

आता चाचणी. उत्सर्जनाची चाचणी २० ते ३० अंशांच्या खोलीत होते आणि समोरचा ब्लोअर गाडीच्या वेगाप्रमाणे वारा देतो. त्या खोलीत आमचा प्रश्न उद्भवतच नाही. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी. खोली ४० अंश, वरून चौरस मीटरला १००० वॉटचे दिवे, खालची फरशी ६० अंश, कारण उन्हातले डांबर तेवढे तापते. सीटवर पुतळा, त्याला साधी सुती पँट आणि घोटा झाकणारा बूट. अर्धा तास ताशी ६० चा वेग, मग वीस मिनिटे थांबत-थांबत, ३० सेकंद चालणे आणि ६० सेकंद उभे राहणे. मग पाच मिनिटे सलग स्लो स्पीडला, आणि शेवटी इंजिन बंद करून दहा मिनिटे तसेच. हाच क्रम एकदा मागून वारा देऊन. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) कापडाच्या आत लावा: दोन्ही घोटे, फूटरेस्टपासून १० आणि २५ सेंटिमीटरवर पोटरीची आतली बाजू, गुडघा, मांडीची आतली बाजू, सीटचे टोक आणि मागे बसणाऱ्याची पोटरी. डावा-उजवा वेगळा मोजा, सरासरी काढू नका. एका पोटरीला ५५ आणि दुसरीला ४१ असेल तर सरासरी ४८ कोणाच्याच पायाला लागत नाही.

मर्यादा कुठून आणायची? आयएसओ १३७३२-१ या मानकात भाजण्याचे उंबरठे दिलेले आहेत. कोणताही गरम पृष्ठभाग उघड्या त्वचेला एक मिनिट टेकून राहिला तर ५१ अंश, दहा मिनिटांना ४८ आणि आठ तास किंवा जास्त वेळाला ४३. साध्या धातूला एका सेकंदाचा स्पर्श झाला तर उंबरठा ६५ ते ७० च्या घरात आहे. अडचण अशी की बाहेरच ४५ अंश असताना सावलीतली, सुरूही न केलेली गाडी ४३ ओलांडून असते. म्हणून दोन आकडे द्या: ४० अंशांच्या खोलीत पाय सतत टेकतो तिथे ४८ च्या वर नाही, आणि इंजिनामुळे झालेली वाढ बाहेरच्या हवेपेक्षा आठ अंशांहून जास्त नाही. फोड न येताही नुकसान होते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. न भाजणारी पण बोचणारी ऊब एकाच जागी महिनोन्महिने लागत राहिली की त्वचेवर जाळीसारखे काळपट-तांबूस डाग उमटतात.

हा सगळा विषय ‘आराम’ या खात्यात टाकला जातो, ते आम्हाला पटत नाही. धग असह्य झाली की चालक सगळ्यात आधी जाड पँट आणि उंच बूट सोडतो. मग घसरल्यावर जे व्हायचे ते होते.

मॅन्युअलमध्ये कपड्यांचे पान लिहाल तेव्हा ‘हवेशीर कपडे घाला’ एवढ्यावर थांबू नका. त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. हवा त्याखाली असेल तर जाळीचे जॅकेट उत्तम. हवा ४० च्या वर आणि कोरडी असेल तर प्रत्येक झोत शरीराला तापवतो, घाम मात्र क्षणात उडतो, आणि पाणी संपत चालले हे लक्षात येत नाही. अशा हवेत जाळी थोडी झाकावी, आत ओला सुती किंवा बाष्पीभवनाचा बनियन घालावा आणि वारा फक्त मानेतून व बाह्यांतून आत घ्यावा. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, तासाभराला सुमारे ६७० वॉट. दमट हवेत तो उडतच नाही, तिथे ओला बनियन निरुपयोगी. पाणी दर १५-२० मिनिटांना पेलाभर, तहान लागण्याची वाट न पाहता.

या पत्राच्या उत्तरात धोरण, बांधिलकी किंवा ग्राहक देवो भव नको आहे. सध्या विकत असलेल्या एका गाडीचे, कोणतीही निवडा, वरच्या पद्धतीने घेतलेले डाव्या-उजव्या पायाचे आकडे पाठवा. त्याबरोबर त्या गाडीच्या शील्डचे वॉशर आणि रेडिएटरभोवतीची फोमची पट्टी सुटे भाग म्हणून मिळतात का आणि त्यांचे पार्ट नंबर काय, तेही कळवा. पद्धतीत चूक दिसली तर ती दाखवा, आम्ही दुरुस्त करू.

कळावे,
उष्ण हवेतले चालक आणि मेकॅनिक